गागोद्याचा चंदनी गणपती

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात आषाढाची लगबग आहे. कारागीर साच्याच्या दोन भागांत ओली शाडू अंगठ्याने दाबत नेतो. मग भाग जुळवतो, साचा सोडवतो. तुम्ही मूर्ती हलकेच कलती करून खालून डोकावता. देवाच्या पोटात काहीच नाही! भरीव केली तर सुकताना तडे जातात.

त्या पोकळीत निदान हवा तरी आहे. ती उपसता येते. तोरिचेल्ली या शास्त्रज्ञाने पाऱ्याच्या नळीत निर्वात जागा कशी होते, ते १६४४ च्या पत्रात लिहिलं. पण सगळं काढून घेतल्यावरही काही उरतंच. निर्वातात धातूचे दोन पत्रे अगदी जवळ ठेवले तर ते एकमेकांकडे ओढले जातील, असं कॅसिमिर या शास्त्रज्ञाने १९४८ मध्ये गणिताने मांडलं आणि पुढे प्रयोगांत ते दिसलंही. विज्ञानाला अजून निखळ रिकामी जागा सापडलेली नाही.

आता मागे चला. पेण तालुक्यातलंच गागोदे, १९०२ चा भाद्रपद. शंभूराव भाव्यांच्या घरी चंदन उगाळायचं काम नातवंडांचं. सात वर्षांच्या विन्याशेजारी, म्हणजे पुढच्या विनोबा भाव्यांशेजारी बसा, खोड हातात घ्या. मनगट भरून येतं तेव्हा कुठे सहाणेवर चमचाभर गंध जमतं. आजोबा त्याचाच गणपती घडवतात. प्राणप्रतिष्ठा होते, रोज आरत्या होतात आणि एके दिवशी मूर्ती पाण्यात जाते. तुमचा जीव कळवळतो, एवढी मेहनत! पण या घरात आवाहनाइतकंच विसर्जनही पूजेचं अंग आहे. सगळीकडे असलेल्याला मूर्तीत बोलावलं, आता मोकळं केलं. विनोबांनी ही आठवण पुढे आवर्जून सांगितली. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, अन्नपाणी आणि औषध सोडून, पवनारला त्यांनी देह ठेवला. मला त्या शेवटात गागोद्याचं विसर्जन दिसतं.

आणखी मागे. रोह्याहून तळ्याच्या वाटेने कुड्याच्या डोंगरावर या, खाली राजपुरीची खाडी. सातवाहनांचा काळ. बौद्ध लेणी खोदायला पाथरवट छिन्नीने कातळ फोडतायत, कपच्या तुमच्या पायांवर उडतात. याच सुमाराला बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुन मांडतो आहे की प्रत्येक वस्तू दुसऱ्या कशाच्या तरी आधारानेच असते, स्वतःचं असं तिच्यात काही नसतं; म्हणून सारं शून्य. हे ‘काहीच नाही’ म्हणणं नव्हे. कारणं बदलतात म्हणूनच बीजाचं झाड होऊ शकतं.

पाथरवटाला नागार्जुन माहीत असायचं कारण नाही. त्याच्या हातून मात्र डोंगर आतून रिता होतो आहे. भिंतींवर ब्राह्मीत दात्यांची नोंद कोरली जाते: कुणी माळी, कुणी वैद्य, कुणी लोखंडाचा व्यापारी. बागेत राबून साठवलेले पैसे त्या माळ्याने दगड काढून टाकण्यासाठी दिले आहेत. मृग तोंडावर आलाय, आणि भिक्खूंना पावसाळाभर राहायला जागा झाली आहे.