दोनशे फुटांच्या आत

काल रात्री हिचकॉकचा 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' (१९५९) पुन्हा पाहिला. त्यात शेतावर औषध मारणारं विमान कॅरी ग्रांटच्या मागे लागतं आणि शेवटी टँकरवर जाऊन आदळतं, तो सीन आठवतोय? सिनेमा संपल्यावर झोपायचं सोडून अशा विमानांच्या खऱ्या अपघातांबद्दल वाचत बसलो. आजचा रविवारही त्यातच गेला.

सुरुवात १९२१ ची. ओहायोत कॅटाल्पाच्या झाडांवर अळी पडली होती. ३ ऑगस्टला जॉन मॅकरेडी या लष्करी वैमानिकाने त्यांच्यावर कर्टिस जेनी विमानातून लेड आर्सेनेटची पूड टाकली. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराची स्टिअरमन विमानं स्वस्तात मिळायला लागली. पुढच्या सीटच्या जागी औषधाची टाकी बसवायची, की झालं काम! मुळात ती विमानं शिकाऊ पायलटांसाठी बनवलेली. तारांच्या आणि झाडांच्या मधून उडायला नाही. माणसं मरत होती.

मला आवडला तो फ्रेड वाइक. १९५० मध्ये टेक्सासमध्ये त्याने 'एजी-१' हे खास शेतीसाठीचं विमान बनवलं. पायलट कधी ना कधी चुकणार आणि विमान पडणार, हे त्याने आधीच गृहीत धरलं. म्हणून पायलटला उंच बसवलं, त्याच्याभोवतीचा सांगाडा आणि पट्टे भक्कम केले, तार आडवी आलीच तर कापली जावी म्हणून पुढच्या भागांना धार दिली. या कामात त्याने ह्यू डीहेवनचा सल्ला घेतला. डीहेवन स्वतः १९१७ च्या विमान अपघातातून कसाबसा वाचलेला, आणि पुढे माणूस अपघातात नेमका कशाने जखमी होतो याचाच अभ्यास करत बसलेला. वाइकनेच नंतर पायपर पॉनी डिझाइन केलं.

विमान सुधारलं. नियमांचं काय?

अमेरिकेत १ जानेवारी १९६६ पासून शेतीच्या उड्डाणांना वेगळा नियम लागू झाला: पार्ट १३७. दाट वस्ती नसेल आणि कुणाला धोका नसेल, तर फवारणी करताना ५०० फुटांच्या खाली उडायला परवानगी. बरोबरच आहे, हजार फुटांवरून फवारणार काय! आता दुसरा नियम बघा. साधारणपणे, विमानतळापासून दूर असलेलं बांधकाम २०० फुटांपेक्षा उंच असेल तरच विमान खात्याला कळवायचं. त्याच्या आत असाल तर रंग नको, दिवा नको.

दोन्ही नियम वेगवेगळे वाचले तर ठीक वाटतात. पण एकाने पायलटला जिथे पाठवलं, तिथे दुसऱ्याने बघायचंच सोडून दिलं. आमच्याकडे याला इंटिग्रेशन टेस्टिंग न करणं म्हणतात.

मग पवनचक्क्यांचा जमाना आला. जागा ठरवण्याआधी वारा मोजायला मनोरे लागतात. करड्या रंगाचा बारीक पाइप, ताण द्यायला चारी बाजूंनी तारा, आणि बऱ्याचदा उंची २०० फुटांना अगदी थोडी कमी! काही तासांत उभा राहतो. काल शेत मोकळं होतं, आज तिथे मनोरा. हवेतून तो जवळजवळ दिसतच नाही. आणि लावणाऱ्याने नियम मोडलेला नसतो.

२००५ मध्ये टेक्सासमधल्या राल्सजवळ फवारणीचं विमान अशाच मनोऱ्याला धडकलं, पायलट गेला. १० जानेवारी २०११ ला कॅलिफोर्नियातल्या ओकलीजवळ पुन्हा तेच. ओकलीच्या तपासात पायलटला मनोरा दिसला नाही हे कारण नोंदलं गेलं. पण मनोरा सहज दिसण्याजोगा नव्हता आणि पायलटला आधी नीट कळवलं नव्हतं, हेही त्यात आहे.

सगळा दोष नियमांवर ढकलता येणार नाही. २०१३ मधल्या ७८ अपघातांचा तिथल्या तपास मंडळाने अभ्यास केला, त्यात थकवा आणि देखभालीतली हयगय यांवरही बोट ठेवलंय. पण थकलेल्या पायलटला निदान झोपता येतं. न दिसणाऱ्या मनोऱ्याचं त्याने काय करायचं?

२०११ मध्ये विमान खात्याने मनोरे रंगवा असं सुचवलं, पण ऐच्छिक. ५० ते २०० फुटांमधल्या अशा मनोऱ्यांवर खुणा सक्तीच्या करा, असं सांगणारा कायदा झाला २०१६ मध्ये. राल्सपासून अकरा वर्षांनी.