मॅन गल्चचा वणवा : संशोधन आणि व्यवहार

अमेरिकेतील माँटाना राज्यात, मिसूरी नदीकाठच्या मॅन गल्च नावाच्या घळीत, ५ ऑगस्ट १९४९ रोजी वनखात्याचे १५ जवान पॅराशूटच्या साहाय्याने वणवा विझविण्यास उतरले. जमिनीवरील एक वनरक्षक त्यांना येऊन मिळाला. दुसऱ्या दिवसापर्यंत या १६ जणांपैकी १३ जण मृत्युमुखी पडले होते. आगीने घळ ओलांडून खालच्या बाजूने त्यांची वाट अडविली, तेव्हा नायक वॅग्नर डॉज याने हत्यारे टाकून देण्याचा हुकूम केला आणि पुढ्यातील गवत स्वतःच पेटवून, त्याच्या राखेत शिरण्यास सर्वांना हाका मारल्या. कोणीही थांबले नाही. डॉज राखेत पडून राहिला व वाचला. इतरांपैकी दोघेच कडा चढून निसटले.

जळलेल्या जागी आग पुन्हा लागत नाही, हे गवताळ मुलखातील लोकांना पूर्वापार ठाऊक होते. महाराष्ट्रातील वनखात्याच्या जाळरेषेमागेही हेच तत्त्व आहे. परंतु त्या जवानांच्या शिक्षणक्रमात ही युक्ती नव्हती. मग ज्याने डोळ्यांदेखत नवी आग लावली त्या नायकावर त्यांनी विश्वास ठेवावा तरी कसा?

याच प्रदेशात हॅरी गिझबॉर्न १९२२ पासून वणव्यांचा अभ्यास करीत होता. लाकडातील ओल, हवेतील आर्द्रता व वारा यांवरून धोक्याची पायरी ठरविणारी, हातात मावणारी मोजपट्टी त्याने १९३० नंतरच्या दशकात तयार केली, आणि ती अधिकाऱ्यांच्या नित्य वापरात आली. कारण किती माणसे सज्ज ठेवावीत, या त्यांच्या रोजच्या प्रश्नाला तिने उत्तर दिले. मॅन गल्चचे कोडे उलगडण्यासाठी हृदयविकार असतानाही गिझबॉर्न ती घळ चढला आणि ९ नोव्हेंबर १९४९ रोजी तेथेच मरण पावला.

पुढे १९५७ मध्ये एका समितीने १९३७ ते १९५६ या काळातील १६ प्राणघातक वणव्यांची छाननी केली व तीतून, लष्करी आज्ञांच्या धर्तीवर, अग्निशामकांसाठी दहा आज्ञा निघाल्या. १९६० मध्ये मिझूला येथे अग्निप्रयोगशाळा उघडली. तेथील रिचर्ड रॉदरमेल याने आगीच्या वेगाचे गणित १९७२ मध्ये मांडले आणि १९९३ मध्ये तेच मॅन गल्चला लावून पाहिले. आगीच्या स्वभावाविषयीचे ज्ञान अशा प्रकारे बरेच पुढे गेले. भयाने ग्रासलेल्या माणसाच्या स्वभावाकडे मात्र संशोधकांचे लक्ष फारसे गेले नव्हते, आणि पाठ केलेली आज्ञा ऐन प्रसंगी आठवेल हे गृहीत धरण्यात आले. ही चूक महाग पडली.

६ जुलै १९९४ रोजी कोलोरॅडोतील साउथ कॅन्यन येथे १४ अग्निशामक बळी पडले. दहापैकी आठ आज्ञांच्या पालनात कसूर झाली होती, असे चौकशीत दिसून आले. टेड पुटनम याने मृतांच्या मार्गाची व सामानाची तपासणी केली, तेव्हा चढावर धावतानाही काहींनी पाठीवरचे ओझे व हत्यारे सोडली नव्हती, असे आढळले. ती टाकली असती तर त्यांचा वेग निश्चित वाढला असता. पुटनमने १९९५ मध्ये मिझूला येथे मानसशास्त्रज्ञ आणि अग्निशामक यांना एकत्र बसविले. डॉजच्या हुकुमाला तेव्हा ४६ वर्षे होत आली होती.