हलू नका : एमआरआयच्या चित्राची गोष्ट

 

मणक्याचं दुखणं असो की डोक्याचं, डॉक्टर म्हणतात, "एमआरआय काढून या." मग आपण गाडी करून कोल्हापूर नाहीतर गोव्यातलं बांबोळी गाठतो. तिथे बोगद्यासारख्या यंत्रात निजवतात आणि बजावतात, "हलू नका." खोकला आला, पाय आखडला, चित्र बिघडलं, की बाई स्वतःलाच दोष देते. म्हणून आज या "हलू नका"चा इतिहास पाहू.

एक्स-रे क्षणात निघतो. एमआरआयचं तसं नाही. मोठं चुंबक आणि रेडिओ लहरी वापरून यंत्र शरीरातल्या पाण्याकडून थोडी थोडी माहिती गोळा करतं आणि शेवटी संगणक त्याचं चित्र करतो. त्यातला प्रत्येक तुकडा सबंध चित्रात मिसळलेला असतो. आमटीत मीठ जास्त पडलं तर ते एका वाटीपुरतं राहतं का? तसंच, आपण क्षणभर हललो तरी सगळ्या चित्रावर सावल्या उमटतात.

१९७३ साली अमेरिकेत पॉल लॉटरबर यांनी या पद्धतीचं पहिलं चित्र प्रसिद्ध केलं. ते होतं पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचं. नळ्या काही हलत नाहीत! पण १९७७ च्या जुलैत रेमंड डमाडियन यांनी माणसाच्या छातीचं चित्र काढलं, तेव्हा जवळजवळ पाच तास लागले. इतका वेळ कोण स्वस्थ राहील? त्याच वर्षी इंग्लंडच्या पीटर मॅन्सफील्ड यांनी क्षणार्धात चित्र घेण्याची रीत मांडली. ती दवाखान्यात रुळायला पुढे बरीच वर्षं गेली. लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांना २००३ साली नोबेल मिळालं.

तरी श्वास कोण थांबवणार? हृदय कोण थांबवणार? म्हणून १९८० च्या दशकात पोटाला पट्टा बांधून श्वासाची चाल बघायला आणि हृदयाच्या ठोक्याशी मेळ घालून माहिती घ्यायला सुरुवात झाली. १९८९ साली एहमन आणि फेल्मली या अमेरिकन संशोधकांनी आणखी एक युक्ती काढली. यंत्र मध्येच एक झटपट मोजणी करून अवयव किती सरकला ते पाहतं आणि त्यानुसार दुरुस्ती करतं. १९९९ साली जेम्स पाइप यांनी पंख्याच्या पात्यांसारखी माहिती घेण्याची पद्धत दिली. प्रत्येक पातं मधोमध जातं, त्यामुळे मधला भाग पुन्हा पुन्हा मोजला जातो. तो ताडून पाहिला की डोकं किती वळलं ते कळतं आणि तेवढं पातं संगणक जागेवर आणतो.

बघा, सुरुवातीला सगळा भार रुग्णावर होता. हळूहळू त्यातला थोडा यंत्रानं उचलला. आता मुंबईच्या समीर या सरकारी संस्थेनं देशी एमआरआय यंत्र तयार केलं आहे आणि त्याच्या चाचणीसाठी २०२५ साली दिल्लीच्या एम्सशी करार झाला आहे.

तरीही यंत्राला सगळंच दुरुस्त करता येत नाही. म्हणून आपण काय करावं? खोकला, पाठदुखी किंवा बंद जागेची भीती असेल तर आधीच सांगावं. गुडघ्याखाली उशी मागावी. यंत्र ठकठक मोठा आवाज करतं, तेव्हा कानात घालायला मागावं. हातात दाबायचा फुगा देतात, तो कसा वापरायचा ते विचारून घ्यावं. "श्वास रोखा" म्हणाले की तेवढ्यापुरताच रोखावा, एरवी नेहमीसारखा सावकाश घ्यावा. मंगळसूत्र, बांगड्या, केसांचे आकडे बाहेरच ठेवावेत. शरीरात पेसमेकर किंवा धातूची क्लिप असेल, किंवा दिवस गेलेले असतील, तर आत जाण्यापूर्वीच सांगावं.

आणि गो बाय, खोकला आला म्हणून कोणी रागावलं तर मान खाली घालू नको. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी आयुष्याची वर्षं घालवली ती याच हलण्यावर उपाय शोधण्यात. जिवंत माणूस हलणारच.