चूल, स्टोव्ह, सिलिंडर आणि पाइप

सोसायटीला २५ वर्षं पूर्ण झाली. इमारतीचा इतिहास इतरांनी लिहिला आहेच. मी स्वयंपाकघराचा लिहितो.

आमचं लहानपण रॉकेलच्या वासात गेलं. पंपाचा स्टोव्ह, काकडा, पिन आणि रेशन दुकानापुढची रांग. स्टोव्ह भडकून भाजल्याच्या बातम्या तेव्हा नेहमीच्याच. मुंबईत १९५५ साली बर्मा शेलने घरगुती गॅस आणला. १९६५ च्या ऑक्टोबरात कोलकात्यात ‘इंडेन’ची पहिली जोडणी झाली. पण आमच्यासारख्यांनी नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. सिलिंडर घरात आला त्या दिवशी आईने त्याला हळदकुंकू वाहिलं.

सिलिंडरने एक धडा शिकवला. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत पसरतो. म्हणून वास आला की आधी दार उघडायचं.

इथे राहायला आलो तेव्हाही घरोघरी १४.२ किलोचे सिलिंडरच होते. पुढे पाइपचा गॅस आला आणि नंबर लावणं संपलं. हा नैसर्गिक गॅस मात्र हवेपेक्षा हलका, तो छताकडे जातो. त्याला बाहेर पडायला वरची जाळी लागते. बिल्डरने ती दिली होती. नवीन किचन करताना आपल्यापैकी अनेकांनी ती माळ्यामागे बुजवली. मीसुद्धा!

सहा वर्षांपूर्वी एका पहाटे मी चहा ठेवून पेपर वाचत बसलो. चहा उतू गेला, ज्योत विझली. आतून सौ. ओरडली, “अहो, गॅसचा वास येतोय!” मला काहीच येत नव्हता. दिवा लावायला हात पुढे केला, तशी ती पुन्हा ओरडली, “बटणाला हात लावू नका!” कॉक बंद केला, खिडक्या उघडल्या, दोघं बाहेर जिन्यात येऊन उभे राहिलो. काही झालं नाही, देवाची कृपा.

गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळतात. म्हणजे सगळी मदार नाकावर. आपण इथे आलो तेव्हा पंचेचाळिशी-पन्नाशीत होतो, आज सत्तरी ओलांडली. इमारतीला नवं प्लास्टर झालं, नाकाचं काय?

म्हणून वरची जाळी मोकळी करा. रात्री भिंतीवरचा कॉक बंद करा. शेगडीची रबरी नळी पाच वर्षांनी बदला, बसवल्याची तारीख कपाटाच्या दाराआड लिहून ठेवा. ज्योत विझली की आपोआप बंद होणारी शेगडी मिळते. एकटे राहणाऱ्यांनी ती जरूर घ्यावी.

बँकेत तिजोरीच्या किल्ल्या दोघांकडे असत. मी विसरलो तर दुसरा आहे, हा त्यातला विचार. आमच्या घरी आता झोपण्यापूर्वी कॉक मी बंद करतो आणि सौ. पाहून येते. रोज.