२९ ऑगस्ट : वीरधवल खाडे यांचा जन्मदिन

हॉकीचे जादूगार ध्यानचंद यांचा जन्मदिवस म्हणून २९ ऑगस्ट राष्ट्रीय क्रीडा दिन ठरला. याच तारखेला, १९९१ साली, कोल्हापूरच्या मातीत एक जलतरणपटू जन्मला : वीरधवल खाडे. कुस्तीच्या गावाने पोहण्यात नाव काढावे, हे तसे नवलच.

२००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तो उतरला तेव्हा सतरावे वर्षही पुरे झाले नव्हते. दोन वर्षांनी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लाय त्याने २४.३१ सेकंदांत पार केले आणि कांस्यपदक पटकावले. १९८६मध्ये सोलला खजानसिंग यांनी रौप्य मिळवले, त्यानंतर तब्बल २४ वर्षे भारताची जलतरणातली पाटी कोरी होती. २०११मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला.

पुढे तो सरकारी सेवेत गेला, मालवणचा तहसीलदार झाला. महसुलाच्या फायली आणि तरणतलाव यांचा मेळ बसणे कठीणच. तरी गडी पुन्हा पाण्यात उतरला. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलच्या प्राथमिक फेरीत २२.४३ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. अंतिम फेरीत मात्र २२.४७ अशी वेळ लागली. कांस्यविजेत्या जपानी जलतरणपटूची वेळ होती २२.४६!

सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलेले हे पदक चाहत्यांना आजही सलते. २०२३च्या गोवा राष्ट्रीय स्पर्धेत याच शर्यतीत सुवर्ण जिंकून त्याने निवृत्ती घेतली. त्या स्पर्धेत पत्नी ऋजुता यांनीही महिलांच्या ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्ण जिंकले.