कलकत्त्याची काठी, ट्रेंटचं पाणी

घरातली अडगळ मोटारीच्या डिकीत भरून आणायची आणि रविवारी सकाळी मैदानात मांडून विकायची, असा इथे एक बाजार भरतो. नॉटिंगहॅमजवळच्या अशाच एका बाजारात मला ती काठी मिळाली. फडक्याच्या पिशवीत तीन तुकडे होते. सासऱ्यांची होती, टोकाचा तुकडा मोडलाय, बारा पौंड द्या, असं विकणाऱ्या बाई म्हणाल्या. मी पिशवीची नाडी सोडली, मधला तुकडा हातात घेतला आणि पेरावर नखानं टिचकी मारली. मग घासाघीस न करता पैसे काढून दिले. बायको गाडीत बसेपर्यंत काही बोलली नाही. बसल्यावर बोलली.

टिचकी मारून बघायची खोड घरची. मी वाईच्या बुरुडाचा मुलगा. सुपं, दुरड्या, टोपल्या, कणग्या यांवर आमचं पोट. आबा बांबूच्या राशीपुढं उभे राहिले की आधी कान देत. "दिसायला सगळंच सारखं असतंय रं. वाजवून बघ," म्हणायचे. ओला बांबू दबका वाजतो, किडलेला भुसभुशीत वाजतो. माझ्या हातातला तुकडा खणखणीत होता, आणि त्याच्या पिवळ्या सालीवर जागोजागी करपल्यासारखे काळपट डाग होते. इंग्लंडातले जुने काठी-कारागीर अशा बांबूला ‘कलकत्ता केन’ म्हणत, कारण तो कलकत्ता बंदरातून येई. झाड बहुतेक आपला मानवेल. भरीव, चिवट, लाठीला आणि भाल्याच्या दांड्याला वापरतात तोच.

लहानपणी कृष्णेच्या घाटाखाली आम्हीही गळ टाकायचो. आबांनी नाकारलेली वाकडी काठी, पुढं तंगूस, शिशाचा मणी आणि कणकेची गोळी. काठी निवडायची असते हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. जी उरेल ती आपली. इथे आल्यावर दुकानात पहिल्यांदा विचारलं गेलं, "कुठल्या नदीसाठी?" मला तो प्रश्न आगाऊपणाचा वाटला. नदी ती नदी. मी सगळ्यात दणकट दिसली ती घेतली आणि ट्रेंटच्या काठावर पूर्ण उन्हाळा मासे निसटताना बघत बसलो. डेससारखा वीतभर मासा ओढ घ्यायचा, मी हिसका द्यायचो, काठी वाकायची नाही, आणि गळ त्याच्या नाजूक ओठातून सुटून यायचा. कधी बारीक तंगूसच तुटायचं. दुकानदाराचा प्रश्न किती जुना आहे, हे मला फार उशिरा कळलं.

आधी इथल्या माशांची जात सांगायला हवी, कारण माशांनाही जात आहे. सामन आणि ट्राउट हे ‘गेम’, म्हणजे जमीनदारांच्या शिकारीचे मासे. बाकीचे रोच, डेस, चब, बार्बल, ब्रीम, पर्च हे सगळे ‘कोर्स’. जाडंभरडं कापड म्हणतो तसे जाडेभरडे मासे. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली आणि शेफील्डचे सुऱ्या-कात्र्या घडवणारे कामगार सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन नद्यांवर जाऊ लागले, ते या भरड माशांसाठी. विणीच्या दिवसांत या माशांना कायद्याचं संरक्षण नव्हतं. ते मिळवून दिलं शेफील्डचे खासदार ए. जे. मुंडेला यांनी, १८७८ च्या कायद्यानं. मुंडेला मूळ नॉटिंगहॅमच्या मोजे-बनियन कारखानदारीतले. १५ मार्च ते १५ जून नदीत गळ टाकायचा नाही, ही बंदी इंग्लंडच्या नद्यांवर आजही आहे. आपल्याकडे कोळी नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतात, तसा इथे १६ जूनचा दिवस. नारळ नसतो, थर्मास असतो. धरलेला मासा मात्र जिवंत परत सोडायचा. हे मी आबांना पत्रातून कळवलं होतं. त्यांचं उत्तर आलं, "मग जाता कशाला?"

गळाच्या काठीवर इंग्रजीतला पहिला छापील मजकूर १४९६ चा. डेम जुलियाना बर्नर्स या मठवासिनीच्या नावावर तो सांगितला जातो. त्यात काठी करायची कृती आहे, आणि ती वाचताना मला घरचंच कुणी बोलतंय असं वाटलं. हेझल, विलो किंवा अ‍ॅस्पेन या झाडाची दंडाएवढी जाड, दीड वाव लांब फांदी तोडायची, पण २९ सप्टेंबरचा मायकेलमस आणि २ फेब्रुवारीचा कँडलमस यांच्या दरम्यानच. मग भट्टीत शेकून सरळ करायची, महिनाभर वाळवायची, तापलेल्या तारेनं आतून पोकळ करायची, वर लवचीक टोक बसवायचं. आबाही पावसाळ्यात तोडलेला बांबू दारात उतरू देत नसत. रस खोडात असताना तोडला की भुंगा लागतो. वाई आणि इंग्लंड यांच्यात पाच शतकं आणि सात समुद्र, पण लाकूड कधी तोडावं याबद्दल दोघांचं एकमत.

त्या काठीला रीळ नव्हतं. घोड्याच्या शेपटीच्या केसांची दोरी थेट टोकाला बांधलेली. आयझॅक वॉल्टनचं ‘द कम्प्लीट अँगलर’ हे प्रसिद्ध पुस्तक १६५३ चं. त्यातले लोक लंडनच्या उत्तरेला ली नदीच्या काठानं चालत जातात. या ली नदीनं पुढं स्वतःची काठी घडवली. पाणी संथ, मासा रोच, चोखंदळ आणि भित्रा. म्हणून वीस फुटांच्या आसपास लांब, रीळ नसलेला बांबूचा ‘पोल’, आणि गळ नेमका टोकाखाली उतरवायचा. टेम्सवर चाल वेगळी. तिथे सपाट तळाची नाव प्रवाहात आडवी बांधून तीत खुर्च्या मांडायच्या आणि आखूड काठीनं बसल्या जागी मासे धरायचे. नावाडी भाड्याचा, डबा सोबत. लंडनच्या सुखवस्तू लोकांची मासेमारी.

ट्रेंटवर गरीब माणूस काठावर उभा, आणि पाणी पळतं. मासा ज्या धारेत आहे तिथवर गळ न्यायचा तर धारेलाच कामाला लावावं लागतं. नॉटिंगहॅमकरांनी लाकडाचं, जवळजवळ फुंकरीनं फिरेल असं हलकं रीळ केलं. धार पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लोटला ओढते, फ्लोट दोरीला, दोरी रिळाला, आणि गळ आपण होऊन तीस-चाळीस यार्ड खाली वाहत जातो. जे. डब्ल्यू. मार्टिन यांनी ‘ट्रेंट ऑटर’, म्हणजे ट्रेंटचं पाणमांजर, या टोपणनावानं या पद्धतीवर लिहिलं आणि ती देशभर नेली. आता या कामाला काठी कशी हवी? लांब हवी, म्हणजे दोरी पाण्यावरून उचललेली राहते. नाहीतर धार तिला धनुष्यासारखी वाकवते आणि गळ नैसर्गिक चालीनं जात नाही. दिवसभर हातात धरायची म्हणून हलकी हवी. चाळीस यार्डांवरची सैल दोरी एका उचलीत ताणायची म्हणून मधे ताठ हवी, आणि बारीक दोरी तुटू नये, ओठ फाटू नये म्हणून टोकाला मऊ. माझ्या पहिल्या काठीत यातला एकच गुण होता, तोही चुकीच्या जागी.

असे परस्परविरोधी गुण एका लाकडात सापडत नाहीत. म्हणून जोडकाम आलं, आणि जोडायला माल आला जगभरातून. अमेरिकेचं हिकरी, वेस्ट इंडीजचं लान्सवुड, ब्रिटिश गयानाचं ग्रीनहार्ट. हे शेवटचं मजबूत, पण हाताला ओझं. आणि आपला बांबू. शनिवारी ट्रेंटवर बसलेल्या मोजे विणणाऱ्याच्या मुठीत अर्ध्या साम्राज्याचं जंगल असे. त्याला ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मला मात्र त्या डागांवरून हात फिरवताना उगाचच गावचा माणूस भेटल्यासारखं झालं.

खरी कमाल केली ती बांबू चिरणाऱ्यांनी. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या सॅम्युअल फिलिपनं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आणि पुढं इंग्लंडात अ‍ॅल्निकच्या हार्डी बंधूंनी बांबूच्या कामट्या काढून, त्यांना त्रिकोणी तासून, सहा कामट्या एकत्र चिकटवून षट्कोनी काठी केली. बांबूचा जोर सालीलगतच्या धाग्यांत असतो. गाभा नुसतं भरताड. हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही माहीत. पण गाभा फेकून साल सहाही बाजूंनी बाहेर ठेवायची आणि मधे पोकळी उरू द्यायची नाही, ही युक्ती आम्हाला सुचली नाही. सुपाला तिची गरजही नव्हती. पुढं कलकत्त्याचा बांबू मागं पडला आणि जास्त सरळ, लांब पेराचा ‘टोंकिन’ आला. तो टोंकिनचा नाहीच, चीनच्या ग्वांगडाँगमधला. १९३१ साली फ्लॉइड मॅक्ल्युअर या वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याला ‘अमॅबिलिस’ म्हणजे ‘लोभस’ असं नाव दिलं. वनस्पतिशास्त्रज्ञ एरवी इतके प्रेमात पडत नाहीत.

काठीचा वाक तोवर हातानं जोखायचा. त्याला आकडा मिळाला तो रिचर्ड वॉकर या इंजिनियरकडून. काठी आडवी धरून टोक मुठीशी काटकोन करेपर्यंत ओढायचं, त्याला जेवढं वजन लागेल तो तिचा ‘टेस्ट कर्व्ह’. त्याची पाचपट केली की साजेशा दोरीची ताकद मिळते. वॉकरची मार्क फोर काठी दीड पौंडाची, म्हणजे दोरी साडेसात पौंडांची. १३ सप्टेंबर १९५२ ला त्यानं रेडमायर तळ्यात ४४ पौंडांचा कार्प धरला. तो मासा लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ठेवला होता. याच घराण्यातली ‘एव्हन’ ही हलकी काठी नद्यांसाठी. हँपशरच्या एव्हन नदीवरून तिचं नाव.

बांबूनंतर काचतंतू, मग कार्बन. कार्बनतंतूंचं मूळ काम १९६० च्या दशकात फार्नबरोच्या विमान-संशोधन केंद्रात झालं, विमानांसाठी. मी आज वापरतो ती तेरा फुटी कार्बनची काठी करंगळीवर तोलता येते आणि सगळ्या बाबतींत बांबूहून सरस आहे. तिच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच.

ट्रेंटचा मानाचा मासा बार्बल. तोंडाशी मिशा, अंगात रेड्याचा जोर. १८३९ साली कर्नल साइक्स यांनी पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशाचं वर्णन प्रसिद्ध केलं तेव्हा त्याला याच कुळात घातलं, ‘बार्बस खुद्री’. आपला खडस, म्हणजे महसीर. आता त्याचं कूळ वेगळं धरतात, पण ट्रेंटचा बार्बल हातात धरून सोडताना मला तो पाहुण्यांपैकीच वाटतो.

बाजारातल्या त्या काठीचं टोक मी स्वतः करायला घेतलंय. बुडखा आणि मधला भाग अखंड बांबूचे आहेत, टोक चिरलेल्या कामट्यांचं होतं. टोंकिन बांबू मागवला, आबांचा कोयता आहेच. कामट्या सरळ निघतात, सालीला धक्का लागत नाही, हात काही विसरलेला नाही. पुढं प्रत्येक कामटी साठ अंशांत तासायची, तीही निमुळती होत जाणारी, शेवटी काडेपेटीतल्या काडीहून बारीक. दोन हिवाळे गेले. गॅरेजमध्ये तासलेल्या कामट्यांचा ढीग साठलाय, आणि बायकोनं त्यातल्या बऱ्याशा निवडून वालाच्या वेलांना आधाराला लावल्यात.