१२ सप्टेंबर १९३६ : मृत समुद्रात जीव सापडले

१९३६ साली आजच्याच दिवशी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकातील एका छोट्या टिपणाने मोठा समज खोडून काढला. मृत समुद्राच्या पाण्यात काही तग धरत नाही, असे तोवर मानले जाई. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील २१ वर्षांच्या बेंजामिन विल्कान्स्की यांनी तिथे सूक्ष्मजीव राहतात, हे दाखवून दिले. पुढे ते व्होल्कानी या आडनावाने प्रसिद्ध झाले.

हे पाणी एरवीच्या समुद्रापेक्षा जवळपास दहापट खारट. साधी पेशी त्यात पडली, तर आतले पाणी बाहेर ओढले जाऊन ती आक्रसते. इथले अनेक मीठप्रेमी जीव मात्र पेशीतच पोटॅशियमचे क्षार साठवून तोल सांभाळतात. गोड्या पाण्यात टाकल्यास उलट त्यांचीच पेशी फुटते. मिठागरांना लाल-गुलाबी झाक देणारे सूक्ष्मजीव याच कुळातले.

जीव सापडले, पण त्यांचे कूळ ठरायला दशके गेली. मृत समुद्राच्या गाळातील अशा एका जिवाचे १९७५ मध्ये वर्णन झाले आणि व्होल्कानींच्या सन्मानार्थ त्याचे नाव ‘हॅलोबॅक्टेरियम व्होल्कानी’ ठेवले गेले. १९७७ मध्ये कार्ल वोस व जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोममधील आरएनए ताडून जिवाणूंहून वेगळा असा गट मांडला. आज तो ‘आर्किया’ म्हणून ओळखला जातो. हे मीठप्रेमी जीवही त्यातलेच निघाले.

१९८६ मध्ये ‘हॅलोफेरॅक्स’ ही नवी प्रजाती मांडून ‘हॅलोबॅक्टेरियम व्होल्कानी’ हा जीव तिच्यात हलवण्यात आला. प्रयोगशाळेत सहज वाढणारा हा जीव आज आर्कियाच्या अभ्यासातील हुकमी नमुना आहे. त्याचा संपूर्ण जनुकसंच २०१० मध्ये प्रसिद्ध झाला.